तीन नंबरचा हिरवा दिवा

मला ही गोष्ट सांगायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जेवणं झाली की तुम्ही चौघं माझ्या खाटेभोवती कोंडाळं करता आणि "मामा, डब्याची सांगा" म्हणून डोकं उठवता. दिवा कुणी घालवला? असू दे, घालवलात तर घालवलात. पण मध्ये कुणी खिदळलं तर मी कूस बदलून झोपेन, मग बसा एकमेकांची तोंडं बघत. तुमच्यातल्या दोघांना सोमवारपासून त्याच कचेरीत कामाला जायचंय, एवढ्यासाठी सांगतोय. नाहीतर मला हौस नाही.

खरं तर ही टाचणीनं सांगायची. घडलं ते त्याच्यासमोर. टाचणी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, त्या कचेरीत मशीनांच्या कामावर नवाच लागलेला. शर्टाच्या एका बाहीत दोन्ही हात मावतील इतका बारीक, म्हणून ते नाव पडलं. पण त्याला आता नुसती फोनची घंटी ऐकली तरी घाम फुटतो. मग राहिलो मी. कामापुरता मामा म्हणतात ना, इथं मामा खरोखरचा आहे.

ते घडलं त्याच सकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, आणि एका दमात सगळं बोलला. त्यात मी मीठमसाला घातलेला नाही. मला तो येतही नाही. चौथीत शाळा सोडली तेव्हापासून माझ्या हातात पक्कड आहे, त्याच कचेरीत वायरमन होतो.

नोव्हेंबरची सोळा तारीख, गुरुवार. रात्रीचा दीड वाजून गेला होता, तेव्हा शुक्रवार लागला म्हणा. टाचणी पाठीला पिशवी लावून रुग्णवाहिकेच्या कचेरीत पोचला. घरी बायकोला सांगून आला होता की तासाभराचं काम आहे, दाराला आतून कडी घालू नको.

कचेरी तुम्ही बघितली नाही म्हणून सांगतो. वरच्या मजल्यावर फोनची खोली, तिथं तीन टेबलं. खाली मशीनांची खोली, बाराही महिने थंडगार. गावातून मदतीचा फोन आला की तो आधी खाली मशीनमध्ये येतो आणि मशीन वर टेबलावरची घंटी वाजवतं. एका टेबलाचं एक मशीन. पण मशीनला कुठली आलीय अक्कल? एका टेबलावर दहा फोनांची रांग लागायची आणि शेजारचा माणूस नखं कुरतडत बसायचा. त्यावर उपाय म्हणून तो डबा आणला होता. लोड बॅलन्सर म्हणतात त्याला. नाव मोठं, काम हमालांच्या मुकादमाचं. ज्याच्या डोक्यावर ओझं कमी, पुढचं ओझं त्याला. शिवाय दर पाच सेकंदांनी तो प्रत्येक मशीनला विचारतो, आहेस का? मशीन म्हणालं "चालू", की त्याच्या नावापुढे हिरवा दिवा. उत्तर आलं नाही की लाल, आणि मग तिकडे फोन जायचा बंद.

हा डबा पहिल्यांदा लावताना एक गोष्ट ठरवावी लागते. त्याला मोड म्हणतात. एक मोड बाजूचा: डबा एका वायरीवर कडेला टांगायचा, ज्याला नको असेल तो त्याला वळसा घालून जाऊ शकतो. दुसरा मधला: सगळ्या वायरी डब्यातूनच जाणार, त्याला चुकवून चिटपाखरू पलीकडे जाणार नाही. आणि एकदा निवडलेला मोड बदलायचा म्हटलं, की डबा आधी सांगितलेलं सगळं विसरतो आणि पुन्हा उठायला आठ मिनिटं घेतो. ही आठ मिनिटं लक्षात ठेवा.

टाचणीचं म्हणणं होतं की बाजूचा मोड बरा. मोठ्या साहेबांनी ते उडवून लावलं. या साहेबांना आम्ही कॉलर म्हणायचो. मान कायम अशी ताठ, की इस्त्री शर्टाला केलीय की मानेला ते कळू नये. कॉलर म्हणाला, "मध्येच बसव. कोण किती सेकंदांत फोन उचलतो ते मला दिसलं पाहिजे. पुन्हा कुणाची झोपायची छाती होता कामा नये."

हा टोमणा कुणाला होता, ते सांगतो.

तिसऱ्या टेबलावर एक बाई होती. एकोणीस वर्षं रात्रपाळी. तिला नाव होतं, पण कचेरीभर ती तीन नंबरची बाई. फोन उचलला की दोनच शब्द. "बोला. पत्ता?" हॅलो नाही, नमस्कार नाही. माझ्यासारखीच फटकळ, म्हणून आमचं जमायचं. एका रात्री झालं काय, एक आणि दोन नंबर रिकामी बसली होती आणि सगळे फोन तिच्याच टेबलावर कोसळले. अकरा जण रांगेत. बारावा माणूस घंटी ऐकत ऐकतच गेला. डब्याची मागणी होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि तो कागद कॉलरच्या टेबलाखाली दबलेला होता. ते उघडं पडलं असतं. मग त्यानं चौकशीच्या अहवालात एक ओळ लिहिली: तीन नंबरची कर्मचारी झोपली होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी. बाईनं भेटेल त्याला एवढंच सांगितलं, "मी जागी होते." शिपायाला सांगितलं, मला सांगितलं, जिन्यात उभी राहून भिंतीलाही सांगितलं असेल. पंधराव्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला विचाराल तर त्या एका ओळीनं गेली.

त्यानंतर कॉलरनं तीन नंबरचं मशीन भंगारात काढायला लावलं. त्याची वायर मी तोडली. या हातानं, या पकडीनं. भिंतीत वीतभर तुकडा राहिला होता तोही उपसून काढला. तो अजून माझ्या हत्यारांच्या पिशवीत आहे. नीट ऐका: मशीन नव्हतं, वायर नव्हती, आणि वर टेबलावर कापड टाकलेलं होतं. हे सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं यावरच येणार आहे.

तर त्या रात्री दोन ते अडीच असा अर्धा तास टाचणीला मिळाला होता. तेवढ्यापुरते गावाचे फोन शेजारच्या गावच्या कचेरीकडे वळवले होते, ठीक अडीचला ते आपोआप परत यायचे. त्याची नोकरी अजून कच्ची. एकट्यानं करायचं हे पहिलंच काम. कॉलरनं बजावलं होतं की अडीचनंतर एक मिनिट जरी फोन बंद राहिले तर सकाळी यायचे कष्ट घेऊ नकोस.

पोरगं कामाला चोख. दोनला डबा कपाटात बसवला. लॅपटॉपची वायर डब्यात खुपसली, डब्याच्या पाठीवर चिकटवलेला कारखान्याचा आकडा टाकून आत शिरला, कारखान्याचा परवलीचा शब्द बदलला. मधला मोड निवडला. डबा निजला आणि आठ मिनिटांनी उठला. तेवढ्यात त्यानं दोन्ही मशीनांना, यापुढे डब्याचंच ऐकायचं, असं सांगून ठेवलं. म्हणजे आता डबा उपटला तर दोन्ही मुकी.

मग कॉलरनं दिलेला कागद समोर धरला आणि त्यावरचे मशीनांचे पत्ते एकेक करून भरले. इथं चुकला. कागद होता जुना. त्यावर तीन पत्ते होते. हातात कागद असला की माणूस डोकं बाजूला ठेवतो, तसंच झालं. तीन म्हणजे तीन, भरले.

दोन वाजून दहा मिनिटं. पडद्यावर यादी उमटली. एक, हिरवा. दोन, हिरवा. तीन, हिरवा.

टाचणी खूश झाला. डबा आलेला खोका बंद करायला वाकला... आणि तसाच थांबला. तीन?

त्यानं कपाटाकडे बघितलं. एक नंबरचं मशीन. दोन नंबरचं. त्याखाली रिकामा खण. डब्याची वायर खुपसायची भोकं मोजली. पहिल्यात वायर, दुसऱ्यात वायर. तिसऱ्यात काही नाही. पण त्या रिकाम्या भोकाच्या कोपऱ्यातला बारीक दिवा लुकलुकत होता. हिरवा. दर पाच सेकंदांनी.

घाबरला नाही तो. शिकलेली माणसं आधी कारण शोधतात. त्याला वाटलं, हा पत्ता कचेरीतल्या दुसऱ्या कुठल्यातरी यंत्राला देऊन टाकला असेल, छापायच्या मशीनला वगैरे, आणि तेच मधून उत्तर देत असेल. असं होतं म्हणे. त्यानं छापायचं मशीन बंद करून बघितलं. दिवा चालूच. मग डब्याची नोंद उघडली. कोण काय उत्तर देतं ते तिथं ओळीनं लिहिलेलं असतं.

एक: चालू.
दोन: चालू.
तीन: जागी आहे.

पाच सेकंद गेले.

तीन: जागी आहे.

त्यानं तिसरा पत्ता खोडला. डबा म्हणाला, खोडला. यादीत दोनच राहिले. त्यानं श्वास सोडला. पाच सेकंद... आणि तिसरा परत आला. पुन्हा खोडला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा खोडला तेव्हा खोडायच्या आतच आला.

थंड खोली ती, पण त्याच्या पाठीला शर्ट चिकटला. मनाशी म्हणाला, चाचणी घेऊ. भिंतीवर चाचणीचा फोन टांगलेला असतो. उचलला. पहिला फोन वर एक नंबरला वाजला. तिथला मोठ्या आवाजाचा गडी ओरडला, आलाय रे, ठेव. दुसरा दोन नंबरला. तिथल्या मुलीनं जांभई देत हो म्हटलं. तिसरा.

डब्याचा नियम ठाऊक आहे ना. ज्याच्या डोक्यावर ओझं कमी, त्याला. तीन नंबरच्या डोक्यावर तर काहीच ओझं नव्हतं.

एक घंटी. अर्धी घंटी. उचलला.

"बोला. पत्ता?"

टाचणीनं फोन कानाशी घट्ट दाबला. तिकडून श्वासाचा आवाज नाही, खुर्चीची करकर नाही. नुसती वाट बघणं.

"पत्ता?"

"मी..."

"असू दे. माहीत आहे."

फोन बंद.

दोन वाजून सोळा. त्यानं खिशातून मोबाईल काढून कॉलरच्या घरी फोन लावला. झोपेतून उठवलं म्हणून कॉलर आधीच पेटलेला. टाचणीनं चाचरत सगळं सांगितलं. भूत वगैरे शब्द काढला नाही, एवढंच म्हणाला की तीन नंबर उत्तर देतोय. त्यावर कॉलर जे बोलला ते मला टाचणीनं सांगायला नको होतं, पण सांगितलं. "तुझ्या त्या बेवड्या मामानं वायर तोडलीच नसणार. तोडली म्हणून खोटं सांगितलं आणि आता वर कुणा बाईला बसवून माझी थट्टा चालवलीय. थांब. मीच चाचणीच्या नंबरावर फोन करतो. बघू कोण उचलतं ते."

मी जन्मात थेंब घेतलेला नाही. हे ज्याला खोटं वाटत असेल त्यानं आत्ता उठावं.

कोणी नाही? बरं.

टाचणी फोन ठेवतोय तोच बाहेर इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मग दुसरं. रात्रीला दोनच गाड्या असतात. दोन्ही फाटकातून निघाल्या. तो दोन-दोन पायऱ्या करत वर धावला. एक नंबरचा गडी वायरलेसवर चालकाला विचारत होता, अरे, गावाचे फोन बंद आहेत, तुम्हाला पाठवलं कुणी? चालकाचा आवाज आला. बाईंनी पाठवलं. मोठ्या साहेबांचं घर, निळं फाटक. पेशंट दारात आहे म्हणाल्या.

"कुठल्या बाईंनी?"

खरखर. मग चालक सावकाश म्हणाला, "...मी जुना माणूस आहे. आवाज ओळखतो. मला विचारू नका."

टाचणीनं तिसऱ्या टेबलाकडे बघितलं. कापड टाकलेलं होतं, जसंच्या तसं. फक्त खुर्ची... आत सरकवलेली असायची. ती जरा मागे होती. माणूस बसेल एवढी.

तो खाली आला. पडद्यावर नवा फोन आलेला. कॉलरचा नंबर. डब्यानं तो आधी एक नंबरला दिला... मग काढून घेतला. तीनला दिला.

दोन बावीस. सेकंद मोजले जात होते. कोण किती सेकंद बोललं ते दिसावं म्हणूनच ना मध्ये बसवलेला डबा. दहा. वीस. तीस. एक्केचाळीसला फोन तुटला.

त्या एक्केचाळीस सेकंदांत काय बोलणं झालं, ते दोघांनाच ठाऊक. चालकानं एवढं बघितलं की गाडी निळ्या फाटकापाशी वळली तेव्हा दार उघडं होतं आणि साहेब उंबऱ्यावर उभे होते. फोन कानाला. तोंड उघडं. बोलत मात्र नव्हते. गाडीचा उजेड अंगावर पडला आणि ते छाती धरून खाली बसले. चार मिनिटांत दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटं उशीर झाला असता तर आटोपलं होतं. पण गाडी तर, त्यांना काही व्हायच्या आधीच निघालेली. एक सोडून दोन.

तिनं त्यांना मारायला घेतलं की वाचवलं, हे मला विचारू नका. मला ते अजून उलगडलेलं नाही.

इकडे टाचणीसमोर घड्याळ. दोन चोवीस. सहा मिनिटांनी गावाचे फोन परत येणार. दोन्ही गाड्या बाहेर. येणारा प्रत्येक फोन आधी रिकाम्या खुर्चीकडे जाणार. कुणाचा बाप असेल, कुणाचं बाळ. खोडून ती जात नव्हती. डबा उपटून दोन्ही मशीनं मुकी होत होती. एकच गोष्ट उरली होती. मोड बदलला की डबा सगळं विसरतो. पण त्याला आठ मिनिटं लागतात. म्हणजे दोन बत्तीस. म्हणजे दोन मिनिटं फोन बंद. म्हणजे नोकरी गेली.

त्यानं घरच्या दाराची कडी आठवली, उघडी ठेवलेली. आणि बाजूचा मोड निवडला.

डबा विझला. मग पडद्यावरचे दिवे विझत गेले. एक. दोन.

तीन नाही.

मग भिंतीवरचा फोन वाजला. एकदाच. थांबला. पाच सेकंद... पुन्हा एकदा. डबा बंद. मशीनं मुकी. फोनला वायरीतून यायला वाटच नाही. पाच सेकंद. पुन्हा. टाचणी भिंतीला पाठ लावून बसला. कान दाबले. तरी मोजत होता. पाच. घंटी. पाच. घंटी. सात मिनिटं असं ऐकून बघा.

दोन एकतीसला त्यानं उचलला. का उचलला, ते त्यालाही सांगता आलं नाही.

"झोपलास?"

"...नाही."

त्यानं बंद डब्याकडे बघितलं.

"लिहितील."

फोन बंद. डबा उठला. त्यानं पत्ते भरले, या वेळी मोजून दोनच. एक, हिरवा. दोन, हिरवा. दोन बत्तीसला गावाचे फोन सुरू झाले. ती दोन मिनिटं सकाळी तपासली. एकही फोन आलेला नव्हता. कुणाचं नखसुद्धा दुखावलं नाही.

महिन्याभरानं कॉलर कामावर आला. मान पहिल्यासारखीच ताठ. वाटलं होतं, मरता मरता वाचलेला माणूस, आता तरी ती एक ओळ खोडेल. त्यानं नवा अहवाल लिहिला. शिपायानं मला तो वाचून दाखवला. दोन मिनिटं फोन बंद राहिले, कारण कामावरचा तंत्रज्ञ झोपला होता. गाड्या विनाकारण गेल्या, कारण वायरमननं नशेत तीन नंबरची वायर न तोडता तोडल्याचं सांगितलं. खाली सही.

टाचणी घरी बसला. मला फाटकातून आत घेणं बंद झालं. मी तो वायरीचा तुकडा घेऊन तीनदा फाटकावर गेलो. दाखवू कुणाला?

आता सोमवारी तुम्ही दोघं जाल. मशीनांच्या खोलीत डबा आहे, बाजूच्या मोडवर, एका वायरीवर टांगलेला. यादीत दोनच नावं. तिसऱ्या भोकावर कुणीतरी काळी चिकटपट्टी मारलीय. शिपाई म्हणतो, दर महिन्याला नवी मारतात. दिवा घालवा आणि पट्टीकडे बघत पाच मोजा. कडेनं हिरवं दिसेल. घाबरू नका, तुमचं तिच्याशी काही वाकडं नाही. फक्त झोपू नका.

तिची माफी ती घेईल, तिला घाई नाही. माझं वय झालं, मला आहे. तेव्हा वरच्या मजल्यावर गेलात आणि तो ताठ मानेचा समोर आला, तर माझा निरोप सांगा. वायर मी तोडली होती, कॉलर.